राजाच्या बैठकीखालचा सांधा

हजेरीला नाव पुकारलं जायचं न्यामचं, ‘हजर’ म्हणायचा न्याम, आणि लाकडी मोगरी उचलून कामाला लागायची थोआ. ह्वे शहरातल्या शाही नौकांच्या कारखान्यात सात वर्षं हे असंच चाललं होतं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. म्हणजे वाटत असेलही, पण बोलत कुणी नव्हतं.

न्याम सांधेवाला. नावेच्या दोन फळ्यांमध्ये राहिलेली फट बांबूच्या किसाने ठासून भरायची, वरून राळ आणि राय झाडाचं चिकट तेल चढवायचं, हे त्याचं काम. सात वर्षांपूर्वी उकळत्या राळेची कढई कलंडली आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून कायमची आखडली. सरकारी हजेरीपटावरून सुटायला दोनच वाटा होत्या. एक तर मरायचं, नाहीतर आपल्या जागी मुलगा उभा करायचा. न्याम काही मेला नव्हता, आणि झाल्या होत्या तीन मुली. तेव्हा चौथ्या दिवशी थोआने डोक्याला फडकं घट्ट बांधलं, नवऱ्याची छिन्नी कमरेला खोचली आणि त्याच्या मागोमाग कारखान्यात जाऊन बसली. न्याम राळ ढवळायचा, ती सांधे भरायची.

खरं सांगायचं तर काम तिचंच चांगलं होतं. ती जन्मली नावेवर, हुओंग नदीत राहणाऱ्या माणसांत. त्यांची चूल नावेवर, बाळंतपण नावेवर, देव नावेच्या टोकाला. त्यांच्याकडे सांधा भरायला शिकवत नाहीत. रांगणाऱ्या पोराला जिथे ओल लागते तिथे ते रडतं, आणि आई तिथे कीस ठासते. पोर पुढे मोठं होऊन तेच करतं.

थोआ बुटकी, दात रीतीप्रमाणे काळेभोर रंगवलेले, गालात कायम पान. सुतार तिला आत्या म्हणत. नदीवर सगळ्याच बायकांना आत्या म्हणतात, पण हिला म्हणताना जरा अंतर ठेवून म्हणत. एकदा मुख्य सुतार बाक मोठ्या ऐटीत म्हणाला, “आत्या, बघा, फळी कशी बसवलीय!”

“बसलीय की. सुनेशेजारी सासू बसते तशी. मधून म्हैस जाईल.”

बाकने ती फळी काढून पुन्हा रंधली. सगळे हसले, तोही हसला. चांगला माणूस होता.

तर पंचांगातल्या घोड्याच्या वर्षी राजवाड्यातून हुकूम आला की महाराजांसाठी नवी नौका बांधा. पन्नास वल्ह्यांची, पुढे ड्रॅगनचं तोंड, मागे ड्रॅगनचं शेपूट, मध्ये सोन्याचा मुलामा दिलेली बैठक. देखरेखीला उत्तरेकडून क्वाच नावाचे अंमलदार आले. नीटनेटके, बारीक दाढीचे, अक्षर सुंदर. त्यांना पाण्याची भीती वाटते हे कारखान्यात पहिल्याच दिवशी कळलं. जमिनीवर टेकू देऊन उभ्या केलेल्या नौकेवर चढतानासुद्धा ते श्वास रोखून धरायचे.

आठ महिने काम झालं. मग एके सकाळी क्वाच साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि एक कागद वाचला. महाराजांची बैठक जिथे येणार, त्याच्या थेट खाली, नौकेच्या मधल्या कप्प्यात, बाईमाणसाने पाऊल ठेवायचं नाही. अशुभ असतं.

थोआ पुढचा कप्पा संपवून मधल्याच कप्प्याकडे निघाली होती. ती थांबली. “मग तिथला सांधा कोण भरणार?”

“पुरुष भरतील.”

“कोण पुरुष?”

“न्याम सांधेवाला भरेल,” साहेब म्हणाले, आणि मग त्यांची नजर न्यामच्या हातावर गेली. न्यामने तो हात पाठीमागे घेतला. सगळा कारखाना आपापल्या पायांकडे बघू लागला.

साहेब खाकरले. “वाड्यातून माणसं मागवतो.”

“महाराजांना जन्म दिला तेव्हा खाली कोण होतं म्हणे?” थोआ पुटपुटली. बाकने झटकन तिच्या हातात पानाचा डबा कोंबला. “खा आत्या, पान खा. तोंड भरलेलं असू दे.”

वाड्यातून दोघे आले. चांगले कारागीर होते, पण रोगणाचे. पेट्या, पालख्या, देवघरांचे दरवाजे हे त्यांचं काम. त्यांनी मधल्या कप्प्यातली फट रोगणाच्या लुकणाने भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. असा गुळगुळीत सांधा झाला की त्यात तोंड दिसावं. क्वाच साहेबांनी त्यात खरोखरच आपली दाढी बघितली. “याला म्हणतात काम,” ते म्हणाले.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर थोआ नौकेच्या पोटाखाली, टेकूंच्या मधून, बाहेरच्या बाजूने सरपटत गेली. मोगरीच्या दांड्याने सांध्यांवर ठोकत निघाली. तिचे सांधे ढप् ढप् बोलले. बैठकीखाली आली आणि सांधा टक् बोलला. तिने पुन्हा ठोकलं. टक्. लुकण दगडासारखं सुकलं होतं. नावेची फळी पाण्यात फुगते, अंग हलवते. कीस तिच्याबरोबर फुगतो, दबतो. दगड काय करणार? तडकणार.

कायदा कारखान्यातल्या मांजरालासुद्धा पाठ होता. महाराजांची नौका पक्की निघाली नाही तर काम करणाऱ्या कारागिराला शंभर फटके. आणि हजेरीपटावर सांधेवाला म्हणून एकच नाव होतं. न्यामचं. वय बासष्ट, छातीत खोकला, तीस फटक्यांतच आटोपला असता. उरलेले सत्तर कुणाला मारले असते कोण जाणे.

ती तशीच, पाठीला भुसा चिकटलेला, साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, पाणी भरून बघायला हवं.”

“कशात?”

“मधल्या कप्प्यात. नाव पाण्यात सोडायच्या आधी आम्ही नावेत पाणी सोडतो. गुडघाभर. आतून बाहेर गळलं नाही तर बाहेरून आतही येणार नाही. नदीवरची डबडी डोंगीसुद्धा अशी बघितल्याशिवाय कुणी सोडत नाही.”

“महाराजांच्या बैठकीखाली पाणी?” साहेबांचा चेहरा पांढरा पडला. “बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ज्योतिषांनी परवाचा मुहूर्त काढलाय.”

“मुहूर्त ज्योतिषांना कळतो साहेब. फट मला कळते.”

“तुला काय कळतं ते मला माहीत आहे. आणि तू इथे का येतेस तेही माहीत आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. “सात वर्षं खोटी हजेरी. मी डोळे मिटून घेतलेत. उघडायला लावू नकोस.”

संध्याकाळी थोआने शिंपल्यांचा भात केला. आंबवलेल्या कोळंबीची चटणी वाढली, मिरची वाढली. न्याम डाव्या हाताने हळूहळू जेवत होता.

“नाही गळणार कदाचित,” तो म्हणाला.

“कदाचित.”

“वाड्यापासून घाटापर्यंत जाऊन यायचं. किती वेळ लागतो? तेवढ्यात काय तडकतंय.”

“आणि तडकलं तर?”

“तर माझं नशीब. माझं नाव आहे पटावर.”

“अहो, त्या कदाचितवर तुमची पाठ टेकवून बसू मी?” तिने वाडगा आपटला. “माझ्या हाताखालचा सांधा गळला असता तर गप्प बसले असते. म्हणाले असते, चुकले, मारा. पण तो माझा नाही. तुमचाही नाही. पेट्या रंगवणाऱ्या दोन माणसांच्या सांध्यासाठी तुम्हाला मारतील आणि मी जमिनीला कपाळ लावून ऐकत बसू?”

“हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“ऐकू दे. त्यांची नाव मीच भरलीय.”

न्याम खोकला, मग थोडं हसला. “काय करणारेस?”

“आंघोळ घालणारेय.”

“कुणाला?”

“नावेला. दुसऱ्या कुणाला घालणार, साहेबांना?”

नावेच्या तोंडावर डोळे रंगवायच्या आधी नदीवरच्या बायकांनी तिला आंघोळ घालायची, ही तिथली जुनी रीत. डोळे उघडल्यावर तिने पहिलं बघायचं ते स्वच्छ अंगाने. राजाची नाव असो की भाजीवालीची, या रीतीला कुणी आडवं येत नाही. आणि डोळे रंगवायचे होते दुसऱ्या दिवशी दुपारी.

सकाळी ऊन वर येताच मेन नावाची तिची जुनी मैत्रीण चाळीसेक बायका घेऊन आली. सगळ्या नावांवर राहणाऱ्या, कुणाच्या कमरेला पोर, कुणाच्या हातात मडकं, कुणाच्या बादली. फाटकावरच्या शिपायाने भाला आडवा धरला.

“काय आहे?”

“आंघोळ,” मेन म्हणाली.

“एवढ्या जणी?”

“मग? केवढी मोठी आहे ती! तुझ्या बायकोला एका तांब्यात होत असेल.”

शिपाई हसला आणि भाला बाजूला केला.

बायकांनी पहिली दहा-बारा मडकी खरंच ड्रॅगनच्या तोंडावर ओतली, आलं आणि फुलं घातलेल्या पाण्याची. मग थोआ फळीवरून वर चढली, सरळ बैठकीपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसून पायाखालच्या रंगवलेल्या फळ्या एकेक उचलून बाजूला ठेवू लागली. बाक खालून ओरडला, “आत्या! आत्या, काय करताय?”

“दिसत नाही? हात लाव.”

“माझी चार पोरं आहेत!”

“मग तिकडे तोंड कर आणि खोकत राहा.”

बाकने खरोखर तोंड फिरवलं. थोआ मधल्या कप्प्यात उतरली. आठ महिने तिने त्या नौकेचा प्रत्येक हात मोजून भरला होता, पण तिथे पहिल्यांदाच पाय टेकवला. रोगण पायाला थंड लागलं. तिने वर हात केले, आणि घाटापासून नौकेपर्यंत उभ्या राहिलेल्या बायकांच्या हातांतून पहिलं मडकं आलं.

क्वाच साहेब पोहोचले तेव्हा तिच्या गुडघ्यांना पाणी लागलं होतं.

“बाहेर ये!” ते किंचाळले. “बाहेर ये त्यातून!”

“येते ना. आणखी वीतभर राहिलंय.”

“शिपाई! ओढा तिला!”

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. तिला ओढायचं तर बैठकीखाली उतरावं लागणार, आणि शिपायांनी तिथे उतरावं की नाही याबद्दल कागदात काही लिहिलं नव्हतं. मेनने आणखी एक मडकं पुढे दिलं.

आणि मग नौकेच्या पोटाखालून टप असा आवाज आला. मग आणखी एक. बाक वाकून बघायला गेला. “गळतंय,” तो म्हणाला. मग जोरात म्हणाला, “साहेब, धार लागलीय!” बैठकीच्या बरोबर खाली, गुळगुळीत सांध्याला केसासारखा तडा गेला होता. आधी करंगळीएवढा, मग वीतभर. पाणी त्यातून एका रेषेत पडत होतं आणि खालचा भुसा भिजवत होतं. 

क्वाच साहेब खाली उकिडवे बसले. त्यांनी पडणाऱ्या पाण्याखाली बोट धरलं. बराच वेळ धरलं.

“उद्या सकाळी मुहूर्त आहे,” ते कुणाला तरी म्हणाले.

“उद्या सकाळपर्यंत होईल,” थोआ वरून म्हणाली. “लुकण खरवडायचं, सुकवायचं, कीस ठासायचा, दोन हात राळ. करेन मी.”

“कर मग!”

“नाही.”

तिने मोगरी नौकेच्या काठावर ठेवली. ठेवली म्हणजे सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

“मी इथे पाय ठेवला. कागदाप्रमाणे गुन्हा झाला. आधी तो लिहा.”

असं मागणं साहेबांनी उभ्या नोकरीत ऐकलं नसावं. “काय?”

“गुन्हा लिहा. चोपडीत. आत्ता.”

साहेबांचा कारकून, विन्ह नावाचा किडकिडीत माणूस, शाई आणि कुंचला घेऊन आला. त्याने लिहायला सुरुवात केली आणि मोठ्याने म्हणाला, “न्याम सांधेवाला याची बायको...”

“थांब. मारणार कुणाला? न्यामच्या बायकोला की मला?”

“तू म्हणजेच न्यामची बायको ना?”

“घरी. इथे त्याची बायको उभी नाही. इथे थोआ उभीय. लिही, थोआ.”

विन्हने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी हात हलवला. त्याने लिहिलं.

“पुढे लिही, सांधेवाली.”

कुंचला थांबला. विन्ह मूर्ख नव्हता. “साहेब, हे लिहिलं तर हजेरीपटावरचा न्याम...”

“कारागीर नाही,” थोआ म्हणाली. “सात वर्षं नाही. कायदा म्हणतो काम करणाऱ्याला मारा. काम करणारी मी आहे. नौका बुडाली तर शंभर फटके माझे. त्या म्हाताऱ्याचं नाव खोडा.”

न्याम राळेच्या कढईपाशी उभा होता. तो म्हणाला, “थोआ!” लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि त्याने तिला चारचौघांत नावाने कधी हाक मारली नव्हती.

“तुम्ही ढवळा,” ती म्हणाली. “खाली लागेल.”

क्वाच साहेब उठून उभे राहिले. “बाईचं नाव कारागिरांच्या पटावर येत नाही. कधी आलेलं नाही.”

“बरोबर आहे साहेब. मग मी कारागीर नाही. मग हा सांधा मला कसा भरता येणार?” ती कप्प्याच्या काठावर बसली, पाय पाण्यात सोडून, आणि पान काढलं. चुना लावला. सुपारीचा तुकडा ठेवला. घडी केली. घाटावर चाळीस बायका उभ्या होत्या आणि एकीचंही पोर रडत नव्हतं. खाली पाणी पडतच होतं.

साहेबांनी सूर्याकडे बघितलं. मग नौकेकडे. मग पुन्हा सूर्याकडे.

“लिही,” ते विन्हला म्हणाले.

विन्हने लिहिलं. न्यामच्या नावावर रेघ ओढली. साहेबांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात खाली दोन ओळी घातल्या की सदर गळती अंमलदारांच्या हुकुमावरून केलेल्या तपासणीत आढळली. थोआला वाचता येत नव्हतं. बाकने तिला त्या वाचून दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, “घेऊ दे की. तेवढं त्यांचं.”

“वीस फटके,” साहेब म्हणाले. “नौका सोडल्यावर.”

“आत्ता.”

“अगं, तुला काम करायचंय!”

“हातांनी करायचंय. फटके राहिले की तुम्ही विसराल, आणि विसरलात की चोपडीतलं माझ्या नावाचं पान फाटेल. आत्ता मारा, आणि मारले म्हणून लिहा.”

मारणाऱ्या शिपायाचा हात जड नव्हता, पण वेत तो वेत. थोआ ओरडली. उगाच दात आवळून बसणाऱ्यांतली ती नव्हती. प्रत्येक फटक्याला तिने एकेक शिवी दिली. कुणाला दिली हे कळू दिलं नाही, म्हणून कुणाला ती लिहिता आली नाही. अकरावी शिवी इतकी नवी होती की शिपायाला हसू आलं आणि मोजणी चुकली. विन्हने दहाच धरले आणि तिला एक जास्त बसला.

मग ती कप्प्यात उतरली. बसता येत नव्हतं, गुडघ्यांवर उभी राहून तिने पाणी उपसलं, लुकण खरवडलं, दोन्ही बाजूंना निखाऱ्यांची भांडी ठेवून फळी सुकवली. मेन बांबू किसत होती. वाड्यातून आलेल्या त्या दोघांपैकी एक जण कडेला येऊन उभा राहिला, बराच वेळ बघत.

“आम्हाला कुणी सांगितलं नाही की लाकूड फुगतं,” तो म्हणाला.

“विचारलं होतं का?”

“नाही.”

“मग ये. धर इथे.” त्याने फट उघडून धरली. तिने कीस ठासला.

न्यामने राळ आणून दिली. जाता जाता थांबला. “आता सकाळी हजेरीला मी काय म्हणू?”

“काही म्हणू नका. झोपा.”

“आणि राळ?”

“राळ तर तुम्हालाच ढवळायची आहे. मला ती कुठे जमते?” खोटं होतं. दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नौका पाण्यात गेली. ढोल वाजले, पन्नास वल्ही एकदम उठली. महाराज चढले असं लोक सांगतात. बघितलं कुणीच नाही, कारण महाराज जाताना नदीच्या दोन्ही काठांवर सगळ्यांनी कपाळ जमिनीला टेकवून राहायचं असतं आणि ढोल दूर जाईपर्यंत डोकं वर करायचं नसतं. बाक पालथा, मेन पालथी, क्वाच साहेब सगळ्यांत आधी पालथे.

थोआ गुडघ्यांवर होती. मान ताठ.

“डोकं खाली!” मागून शिपाई दबक्या आवाजात ओरडला. “म्हातारे, डोकं खाली! राजाकडे बघतेस?”

“राजाकडे कोण बघतंय?” ती मान न वळवता म्हणाली.

नौकेच्या पोटावर तिने आदल्या दिवशी तेल चढवताना जिथवर ओळ आणली होती, तिथे पाणी लागलं होतं. वळणापाशी लागलं होतं तेवढंच घाटासमोर लागलं होतं. घाटावरून परत वळून वाड्याच्या काठावरच्या मंडपापर्यंत तेवढंच. एक बोटभरसुद्धा वर नाही. शिपायाने भाल्याचा दांडा तिच्या खांद्याला लावला. ती हलली नाही. नौका मंडपाला लागेपर्यंत, पार शेवटपर्यंत, तिने ते पाणी बघितलं.